खाटाही मोजा, साहेब

आजच्या सभेचे अध्यक्ष सरपंच हरिश्चंद्रराव, तालुक्याहून मुद्दाम आलेले डॉक्टरसाहेब, ज्यांना आपण जड मनाने निरोप देतो आहोत त्या नर्सबाई नर्मदाबाई, आणि मिठबावच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी तुकाराम, शिकलो चौथीपर्यंत. सभेत बोलायची सवय नाही, तेव्हा आठवेल तसं बोलतो.

बाई सहा वर्षांपूर्वी आल्या त्या बाळंतपणं करायला. पण बाळंत होणार कोण? मुलगे मुंबईला, सुनाही त्यांच्यामागोमाग चाळीत. गावात उरलो आम्ही. पूर्वी हिवताप माणसाला पन्नाशीपुढे जाऊ देत नसे. सरकारने घरोघर औषध फवारलं, त्याचे उपकारच आहेत. पण आता आम्ही म्हातारे मरायचं नाव घेत नाही. मग आमचं कोणी करायचं, हे कुठे ठरलं होतं?

ते बाईंनी ठरवलं. बाळाच्या आंघोळीचा साबण, तोच कापूस, तीच पिशवी घेऊन त्या आमच्या घरी येऊ लागल्या. धोंडूआबांनी जन्मभर समुद्रात मचवा चालवला, पण आता वाकून स्वतःची नखं काढता येत नाहीत. परकी बाई पायाला हात लावणार म्हणताच आबांनी पाय आखडून घेतले. बाई म्हणाल्या, "आबा, ह्या गावातल्या पोरांक पयली आंघोळ मीच घालतंय. तुमचो नंबर उशिरा लागलो, एवढाच." हसताय काय आबा, खरं ना?

आता बाळंतपणं कमी, म्हणून बदली. साहेब, तुमचंही बरोबर आहे. जिथे पाळणे हलतात तिथे नर्स हवीच. आमच्या यशोदाकाकूंनी मात्र मुंबईच्या सुनेला निरोप धाडला, बाळंतपणाला गावीच ये, म्हणजे बाई राहतील. सुनेचा उलट निरोप आला, "नर्सबायची नोकरी टिकवूक माका बाळंत होवचा लागतला?" काकू, रागावू नका.

माझी काळजी वेगळीच. माझी बायको जानकी खुब्याचं हाड मोडून दोन वर्षं खाटेवर आहे. एका कुशीवर फार वेळ राहिली तर कातडी सोलवटते. बाई रोज येऊन तिला वळवायच्या, पाठ धुवायच्या, म्हणून आजवर एक जखम नाही. बदलीचं कळलं आणि माझी झोप गेली. बाईंना म्हणालो, माझ्याने व्हायचं नाही, हाड आणखी सरकेल. शिवाय पुरुषाने हे करायचं म्हणजे लोक काय म्हणतील? बाई वाद घालीनात. बाजूला उभ्या राहून माझ्याकडूनच करून घेऊ लागल्या. पहिल्या दिवशी मी खांदा धरून ओढलं, जानकी कळवळली. बाईंनी सांगितलं, माणसाला नको, खालच्या चादरीला धरा. काल तर त्या आत आल्याच नाहीत, अंगणातच थांबल्या. माझं झाल्यावर जानकी आतून म्हणाली, "बाय, हेंचे हात कापतत, पण चलात."

साहेब, मला बाईंनी शिकवलं. पण सुभद्रावहिनींच्या घरात दुसरं माणूसच नाही. त्या उद्या पडल्या तर त्यांना कोण वळवणार? पाळणे मोजता, तशा एकदा आमच्या खाटाही मोजा. एवढंच मागणं.

नर्मदाबाई, जाल तिथे सुखी राहा. सभेने माझं ऐकून घेतलं, आभारी आहे. काही वावगं बोललो असेन तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. चहाला मात्र थांबत नाही; जानकीला वळवायची वेळ झाली.