फटफटीची दृष्ट

रविवारी सकाळी सव्वासहालाच हे सारं सुरू झालं बघा. आमच्या ह्यांची अन् दोघा मित्रांची, अशा तीन फटफट्या अंगणात उभ्या होत्या. दर रविवारसारखी स्वारी मूल गावाच्या जंगलाकडे निघालेली. आमचा तान्हा बाळू रात्रभर किरकिरत होता, म्हणून मी सासूबाईंना म्हटलं, "बाळाची दृष्ट काढा न जी."

"मिरच्या फटफटीसाठी ठेवल्या," त्या म्हणाल्या. "नवी हाये, गावाची नजर लागते तिले."

आठवडाभर ह्यांनी बाळाला घेतलं नसेल, तेवढं तिला पुसलं होतं. मी बाळूला उचललं अन् सरळ तिच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.

"अवं, काय करून राह्यली तू?" हे ओरडले.

"ओवाळू द्या आईले. फटफटीसंगं आमचीबी दृष्ट निघंल."

सासूबाईंनी आमच्यावरून अन् फटफटीवरून मिरच्या ओवाळल्या. मित्र गुलाबभाऊ हसत म्हणाले, "वहिनी, आता तं उतरा!"

"काऊन उतरू जी? आता मले चक्कर पायजे."

मित्रांसमोर ह्यांना नाई म्हणवेना. गावाबाहेरच्या नदीपर्यंत आम्हाला नेलं, अन् बाळू वाटेतच गाढ झोपला.

त्या दोघा मित्रांच्या बायका तुम्हाला भेटल्या तर एवढं सांगा: येत्या रविवारी नवरा चहा पीत असतानाच त्याच्या फटफटीच्या मागच्या सीटवर जाऊन बसायचं.