ओगराळं आणि शेवटची पंगत

आमचे पणजोबा कोकणातून इथं काशीला आले, देवाच्या नावानं आले आणि स्वैपाकी होऊन राहिले, तेव्हापासून आम्ही दुर्गाघाटचे आचारी. माझा जन्म इथलाच. कोकण मी पाहिलेलं नाही, आणि आता पाहून तरी करायचंय काय.

तर ओगराळं विचारताय ना तुम्ही, ते बघा, खुंटीला आहे. पितळेची खोल वाटी नि तिला उभा दांडा, बस, इतकंच. ओगरणं म्हणजे वाढणं, माझे वडील वाढ म्हणायचेच नाहीत, ओगर म्हणायचे. पण नुसतं वाढायला नाही हं, मोजायलाही हेच, शंभर पानांना पंचवीस ओगराळी तूरडाळ, आणि वाढताना पानाला एक भरून, मागाहून अर्धं, की शेवटचं पान उठेपर्यंत आमटी पुरणारच. वजनकाटा मी कधी हातात धरला नाही.

आता बंडू, माझा मुलगा, तो केटरिंग करतो. तीन-चार वर्षं झाली, बालाजी घाटाजवळ एक मुंज होती, डाळ मी मोजली, नेहमीसारखी, ओगराळ्यानं, आणि वाढायला बंडूनं काढला स्टीलचा डब्बू, म्हणजे मोठा डाव, इकडे डब्बूच म्हणतात त्याला, म्हणाला बाबा, आपका वो छोटा है, टाइम लगता है. मी म्हटलं बरं, वाढ. इथं चुकलो. दीडपट होता तो डब्बू, आणि मी, जन्मभर मोजणारा माणूस, कढईशी पाठमोरा पुऱ्या तळत बसलो. शेवटच्या पंगतीला घरच्या बायका बसल्या, त्यांच्यात आमची सुमती, माझी बायको, सकाळपासून माझ्या शेजारी पुऱ्या लाटत होती ती, आणि पातेलं खरवडलं तर तळाशी नुसता कढीपत्ता. काय सांगू तुम्हाला. सुमती ताकभात कालवून जेवली नि उठली. रागावली असती तर बरं झालं असतं. फार लाज वाटली मला, अजून वाटते.

बंडू आता किलोनं मोजतो, त्याचंही पुरतं, मी वाईट म्हणणार नाही. नातवंडं ह्या ओगराळ्यालाही डब्बूच म्हणतात, म्हणोत बापडी, सुखी राहोत. बंडूला फक्त सांगून ठेवलंय की माझ्या तेराव्याला डाळ ह्यानंच मोज आणि ओगरही ह्यानंच. मी काही बघायला नसणार. सुमती शेवटच्या पंगतीलाच बसेल, ऐकायची नाही ती, तेव्हा तिच्या पानात आमटी पडली पाहिजे.