सुमेधचा कूलर

व्हय, डासाच्या अळ्यांसाठी गच्चीवरची टंकी पाह्यली, कुंड्या पाह्यल्या — झालं ना तुह्यं काम? जा आता, सीमा, वैशाली नगरात तुह्यासारख्या मितानिनले, आरोग्यवाल्या बाईले, अजून किती घरं बाकी असतीन. ती खोली? ती बंदच असते. सुमेधची हाय. म्हणजे होती — पोरगं गेलं ना माह्यं, मागच्या साली, डेंगूनं.

अन् सुमेधचा अभ्यासही त्या डेंगूचाच, एमएस्सीले होता. मी करंज्या करून राहिली होती, तं यानं पारी उचलली अन् बोटानं दाबली. म्हणे, आई, विषाणूजवळ सोताचं फारसं काही नसते. पेशीत घुसते अन् तिच्याच आतल्या पापुद्र्याले अशी खळगी पाडते — तोंड एवढुसं. झाली खोली! पेशीचेच प्रोटीन धरते, आपल्या प्रोटीनले चिकटवते, अन् आतमंधी बसून आपल्या नकला काढत राह्यते. मी म्हटलं, अन् पेशीचा पहारा? पहारा फिरते म्हणे, पण भिंत घरचीच, त्याले दिसन कसं? मी म्हटलं, पारी फाटली, ठेव खाली. एवढंच बोलली मी.

मंग त्यालेच झाला. ताप उतरला तशी मी खुशीनं खिचडी टाकली — अन् ताप उतरल्यावरच जपाचं असते म्हणे, हे आमाले मागून समजलं. रडू? नाही येत. सैपाक करते, कपडे वाळू घालते. लोकं म्हणते, रत्नमाला सावरली. सावरली कायची, मले काही वाटतच नाही.

आवाज? शेजारचा असन... बरं, कूलर हाय त्याचा. हे प्लांटमधी ड्यूटीवर गेले का लावते, यायच्या आधी बंद करते. कावून म्हणजे? तो अभ्यासाले बसला का हाच आवाज ये भिंतीतून — वाटे, पोरगं घरी हाय. पाणी? वरून भरते ना, पण खालचं काढत नाही. तळाशी त्यानं भरलेलं असन थोडंसं. सुमेधच्या बापाले माहीत नाही, तू सांगू नको. थांब, आत कुठं चालली? अन् टॉर्च कावून काढला? मले माहीत हाय त्यात काय वळवळते. रोज पाह्यते मी.

काय म्हटलं? मैनाबाईच्या नातवाले? या भिंतीपलीकडच्या? कालपासून ताप हाय?

कूलर बंद करते मी. दे ती बादली. नाही, तू नको हात लावू, मीच ओतून टाकते कूलरचं पाणी, तळापर्यंत. अन् मैनाबाईले सांग, ताप उतरला तरी पोराले सोडू नको म्हणा. जा तू. फाटक लावून घे.