मास्तरांनी मशीनकडे पाठ का फिरवली

आदरणीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आमचे मास्तर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या काकू, आणि दोन्ही पाळ्यांतल्या माझ्या सहकाऱ्यांनो, कामावरही कधी येत नाही इतक्या वेळेवर आज आलात, त्याबद्दल तुमचं कौतुक. सर्वांना नमस्कार.

मास्तरांविषयी दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. दोन शब्दांत मास्तर मावतील होय? त्यांची एकतीस वर्षांची सेवा आधीच्या वक्त्यांनी छान मांडली आहे. मी फक्त एका दिवसाविषयी बोलते.

बारा वर्षांपूर्वी मी पॅकिंगला होते. तयार भाग, आमच्या भाषेत जॉब, कागदात गुंडाळून खोक्यात भरायचे. हे भाग होतात कसे, ते बघायला जेवणाच्या सुट्टीत मी संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या काचेला नाक लावून उभी राहायची. एकदा मास्तर मागून म्हणाले, "नुसतं बघून पोट भरतं का? शिकायचं असेल तर सोमवारपासून ये."

आजचे अध्यक्ष तेव्हा आमचे मॅनेजर होते. साहेबांनी सहा महिन्यांची मुदत दिली. जमलं तर मशीन, नाही जमलं तर घर, कारण पॅकिंगमधली माझी जागा लगेच भरली गेली. नवऱ्याचं काम नुकतंच सुटलेलं, मुलगी सातवीत. माझं काय पणाला लागलं होतं, ते वेगळं सांगायला नको.

पहिले पंधरा दिवस मास्तरांनी मशीनला हात लावू दिला नाही. फरशीवर खडूने चौकोन आखले, आणि मी लिहिलेला प्रोग्रॅम मोठ्याने वाचत मलाच त्यावरून चालवलं, तेही डोळे मिटून. "उजवीकडे चार. पुढे दोन." मी सरळ कपाटावर आदळले. मास्तर म्हणाले, "तू लिहिलंस तिथेच गेलीस. मशीनला डोळे नसतात, बाई." कपाळावर टेंगूळ घेऊन घरी गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "हे शिक्षण आहे का मारामारी?"

हसा, हसा. पण प्रोग्रॅम लिहिताना मी पुन्हा चुकले नाही. चुकले ती भलतीकडेच.

पाचव्या महिन्यात एक ड्रिल बोथट झालं म्हणून मी बदललं. नवं ड्रिल जुन्यापेक्षा बोटभर लांब होतं. टूल बदललं की त्याची लांबी मोजून मशीनला सांगायची, हा अगदी पहिला धडा. तोच विसरले. बटण दाबलं, मशीनने ते जुन्या लांबीच्या हिशेबाने भरधाव खाली आणून लोखंडावर आदळलं. ड्रिलचे तीन तुकडे झाले, आणि कारखान्यातलं एकूण एक डोकं माझ्याकडे वळलं.

शेजारच्या मशीनवरचे एक जाणकार, ते आजही इथे बसलेत आणि मी त्यांच्याकडे बघत नाहीये, कानात कुजबुजले, "वीज गेली म्हणून सांग." तोवर साहेब आलेच. "कोणी केलं हे?" मी म्हटलं, "मी. लांबी मोजली नाही." साहेब मास्तरांना म्हणाले, "बास झालं. उतरवा हिला मशीनवरून."

मास्तरांनी आधी मशीन तपासलं. शाबूत होतं. मग मला म्हणाले, "दुसरं ड्रिल लाव. मोज. चालव."

"आत्ता?"

"आत्ता नाही चालवलंस, तर उद्या हात लावायला धजणार नाहीस." आणि साहेबांना म्हणाले, "एक जॉब होऊ द्या, साहेब. मग म्हणाल तसं."

मी तीनदा मोजलं. बटण दाबताना बघते, तर मास्तर मशीनकडे पाठ करून साहेबांशी कच्च्या मालाविषयी बोलतायत. माझ्याकडे ढुंकूनही बघेनात. मनात म्हटलं, एवढा भरवसा? मग मी कसली चुकतेय. जॉब मापात उतरला. साहेबांनी तो स्वतः दोनदा मोजला आणि तयार मालाच्या खोक्यात ठेवला. मी मशीनवर राहिले.

त्या भरवशावर मी बारा वर्षं काढली. आज सात जणींना शिकवते. मागच्या आठवड्यात मास्तर कपाटाच्या किल्ल्या द्यायला आले, तेव्हा विचारलंच, "मास्तर, त्या दिवशी माझ्यावर एवढा विश्वास कसा हो ठेवलात?"

"विश्वास कसला?" मास्तर म्हणाले. "अगं, मला बघवत नव्हतं."

आधी मी पोट धरून हसले. मग डोळे भरून आले. खात्री असताना कुणीही मशीन दुसऱ्याच्या हाती देईल. मास्तरांनी जीव मुठीत धरून दिलं. मला ते अजून जमलेलं नाही. गेल्या महिन्यात माझ्या एका शिष्येच्या हातून टूल तुटलं, तर मी तिला बाजूला केलं आणि जॉब स्वतः पुरा केला. तेव्हापासून ती बटणाला हात लावत नाही. ती चूक तिची नाही, माझी आहे.

मास्तर, उद्या पहिला जॉब तीच लावेल. मी पाठ करून उभी राहीन.

संयोजकांनी मला बोलायला उभं केलं आणि तुम्ही ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. आणि अध्यक्षसाहेब, उद्या सकाळी आठला तेवढे माझ्याशी बोलायला या. विषय कुठलाही चालेल.