शिवेच्या आत राहिलेली बाई

मंडळी, ऐका. आज देवाआधी भुताबद्दल बोलू. भूत कोणाला म्हणायचं? मेलेल्याला? की ज्याला जिवंतपणी कुणी ओ देत नाही, त्याला? हसू नका. त्या मागच्या दोघी हसतायत, त्यांनी जरा पुढं येऊन बसावं. आख्यान लांबचं नाही, खाली किनाऱ्याकडचं आहे.

तळसुरें नावाचं गाव. तिथं कमलिनी राणे नावाची मास्तरीण. गाव तिला नुसतं 'बाई' म्हणे. दिवसा पोरं शिकवायची, कलत्या उन्हात बायकांना अक्षरं गिरवायला लावायची. विहिरीत औषध टाकायचं? बाई. अडलेल्या बाळंतिणीला नदीवरच्या होडीपर्यंत न्यायचं? बाई. मोबदला? तो माझ्या कीर्तनासारखाच, कुणी दिला तर दिला!

आता गावपळण म्हणजे काय ते सांगतो. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला, की अख्खं गाव घरं सोडून शिवेबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस माळावर झोपड्या घालून राहायचं. गाव तेवढे दिवस 'त्यांचं'. कुणाचं, ते विचारायचं नाही. आत मागं राहायचं नाही.

त्या वर्षी माळावर चुली पेटल्या. बाई झोपडी-झोपडी फिरून पोरांना ताप आहे का बघत होती. फिरता फिरता थबकली.

"भिकाजी, द्वारकाआजी खंय आसा?"

"आवस आजपासना लवूच्या पाळीची."

लवू पलीकडं भाकरी मोडत होता. म्हणाला, "माझी पाळी उद्यापासना. आज दादाचीच."

कळलं? आई महिना इकडं, महिना तिकडं. पाळी बदलायची नेमकी त्याच दिवशी. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं आणली. कोंबड्या मात्र दोघांनी मोजून आणल्या होत्या. अहो, बैलालासुद्धा एक दावण असते!

बाई शिवेकडं निघाली. मानकरी आबा परब आडवे आले. "बाईनू, शीव ओलांडलात तर परतीची वाट नाय."

"देव रागावलो तर माझ्यावर रागावतलो, आबानू. तुमी जेवा."

आणि गेली. भर दुपार. ओळखीचीच पाणंद, पण पायाखालच्या पाचोळ्याशिवाय आवाज नाही. कावळा नाही. घरांची दारं सताड उघडी, आणि बाईला वाटलं, आपण जवळ आलो की आतली बोलणी थांबतात. पुढं गेलो की परत सुरू होतात. तिनं मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय उचललेच नसते.

द्वारका खाटेवर. केस तेल लावून चोपून विंचरलेले, वेणी घातलेली. आणि म्हातारीला तर हातही उचलत नव्हता!

"इलंस गो बाये? बस. माझ्या चेडवान आत्ताच वेणी घातल्यान."

तिची ती लेक नदीत बुडून कैक वर्षं झाली होती. बाईनं वेणीला हात लावला. ओली होती.

घाबरली का? घाबरली. बाई होती, दगड नव्हती. पण तिथंच बसून राहिली. चूल पेटवली, पेज केली, म्हातारीला भरवली.

कौल मिळून गाव परतलं, तर एका घरातून धूर. बाई दारात उभी. आबांनी सगळ्यांना थांबवलं आणि मोठ्यानं सांगितलं, "ही बाई न्हय. बाईचां रूप घेवन कोण तरी उभा आसा. कोणी बोलू नकात, बघू नकात."

आणि गाव तिच्या बाजूनं निघून गेलं. भिकाजी गेला. लवू गेला. आईकडंही नाही बघितलं. तीसुद्धा आतच राहिलेली ना! बाईनं म्हातारीला शाळेमागच्या आपल्या खोलीत आणलं. पावसाच्या आधी द्वारका गेली, तर परगावची माणसं आणून बाईनंच अग्नी दिला. दोघे मुलगे पारावर तंबाखू मळत होते.

शाळा? चालू होती. पोरांना घरून ताकीद: शिका, पण बोलू नका, घरी नाव काढू नका. बाई नाव पुकारायची, कुणी 'हजर' म्हणायचं नाही. पोरं तिच्या मागच्या भिंतीकडं बघायची. ती फळ्याकडं वळायची. मग पाढा सुरू करायची.

वर्षं गेली. पुन्हा गावपळण. आता आबा परब अंथरुणाला खिळलेले. सुनेला वाटलं, मुलानं गाडीत घातलं. मुलाला वाटलं, सुनेनं. आबा आतच! दुपारी घशाला कोरड पडली, आणि अंगणात पावलं वाजली. उंबऱ्यात बाई.

"बाईनू... पाणी."

"कोणाक हाक मारतात, आबानू? हय कोण नाय. तुमीच सांगितलात ना?"

आबा रडले. रडले, तेव्हा तिनं तांब्या ओठाला लावला. पाणी गार होतं, हात त्याहून गार.

गाव परतल्यावर आबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, बाईनं मला जगवलं, चला, तिच्या पाया पडू. गेले. खोलीला आतून कडी. दार मोडलं. चुलीत गवत उगवलेलं. खाटेवर लुगड्यात नुसती हाडं. एकदोन पावसाळे उलटून गेले असावेत.

कधी गेली? कुणालाच सांगता येईना. कसं येणार? बघणंच सोडलं होतं. मग पोरांना विचारलं. पोरांनी पहिल्यांदा तोंड उघडलं: "माळावर जावच्या आदल्या दिसापर्यंत बाई शिकवी होती." आणि नवे पाढे घडाघड म्हणून दाखवले.

आता टाळ ठेवा खाली. भिकाजीला नावं ठेवू नका, तो इथंच बसलाय, एक नाही, बरेच. तुमच्या घरात, तुमच्या आळीत कुणाकडं बघायचं सोडलंयत, ते मी सांगायला नको. आरतीला थांबू नका. आरती मी एकटा करीन. तुम्ही आधी जा, आणि त्या माणसाला नावानं हाक मारा.

ओ आली, तर नशीब समजा.