डोळे बांधून जिंकलेला नववा भाग

"जप डोळे मिटून कर, पण भाजी डोळे उघडून चिर." पहिला नेम देताना माझ्या आत्याबाईंनी एवढंच सांगितलं होतं.

मंडळी, ऐका! रोज तेच करायचं, तर त्याला नेम केव्हा म्हणायचं आणि सवय केव्हा? आणि आज उत्तर द्यायला मी कीर्तनात आणलाय व्हिडिओ गेम. नाकं मुरडू नका, देवाला खेळ आवडतात. गोकुळात दुसरं काय चाललं होतं?

तर बाणेरला हेरंब घाणेकर नावाचे एक गृहस्थ एका कंपनीत गेम बनवतात. त्यांचा गेम 'दुर्गपाल'. पहिल्या भागात काय बहार! किल्ल्याच्या पहारेकऱ्याशी लढा, नाहीतर त्याच्या आजारी बैलाची चौकशी करा— दार उघडायचंच. दुसऱ्या भागात नवी तलवार आली. तिसऱ्यात घोडा. मग घोड्याला झूल. आठव्यात झुलीला झालर! किल्ला? तोच. (तुम्ही म्हणाल, ताई, तुमचे तरी दरवर्षी तेच सुदाम्याचे पोहे. थांबा, तिकडेही येते.)

हेरंबची गोदूमावशी, निवृत्त शिक्षिका. पूजा आटोपली की रोज तासभर दुर्गपाल. पहिल्या भागाच्या वेळी हेरंबनं तिच्या पायांवर हात ठेवून शब्द दिला होता, "मावशी, जो भाग तू डोळे मिटून जिंकशील, तो मी बाजारात जाऊ देणार नाही." तेव्हा दोघं हसली होती.

आता नववा भाग. शुक्रवारी बाजारात यायचा, हेरंबची सही तेवढी बाकी. केली तर बढती, नाही केली तर आहे ती खुर्चीही जायची.

गुरुवारी सकाळी तो मावशीला दाखवायला आला. मावशीनं काय करावं? देव पुसायचं फडकं डोळ्यांवर बांधलं, आणि तोंडानं विष्णुसहस्रनाम सुरू. तीन पावलं डावीकडे, पहारेकरी खोकला की उडी— सात वर्षं तो तिथंच खोकतोय हो!

"मावशी, पाणी बघ ना, किती खरं दिसतंय."

"डोळे बांधलेत रे माझे. कुणाला दाखवतोस?"

सहस्रनाम संपायच्या आत किल्ला सर. फडकं सोडून तिनं हळूच विचारलं, "त्याचा बैल बरा झाला का रे?"

बैल तिसऱ्याच भागात काढून टाकला होता. घोड्याला जागा हवी होती.

हसलात? आरती ओठांवर आणि डोळे चपलांवर, असे इथे किती जण आहेत? मीही त्यातलीच. परवा पोहे सांगताना माझं लक्ष घड्याळाकडे होतं. देव बिचारा रोज ऐकायला बसतो. त्याला आपण कितवा भाग दाखवतोय?

आणि हेरंब? त्यानं फडक्याची घडी करून ते देवघरात जागेवर ठेवलं. मावशीला नमस्कार केला. सही न केलेला कागद पिशवीत घातला आणि ऑफिसच्या वाटेला लागला.