नुसतं 'हो' न म्हणण्याचा दिवस

सन्माननीय अध्यक्षा कुसुमताई, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे आणि निवृत्त शिक्षक प्रेमानंदजी, आमच्या नगरातल्या मंडळाचे सचिव जितेंद्र, समोर बसलेले आईवडील, आजीआजोबा, आणि हिरव्या कपड्यांतल्या मुलामुलींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

शाल आणि श्रीफळ दिलंत, आभारी आहे. मार्चमध्ये नागपुरात शाल पांघरवणं याला प्रेमच म्हणायला हवं, म्हणून ती मी अंगावर ठेवली आहे. मला भाषणाची सवय नाही. बांधकाम खात्यात मी आयुष्यभर नकाशे काढले, आणि नकाशे काढताना बोलावं लागत नाही. आमच्या घरात बोलायचं काम भैरवीकडे होतं.

नव्याने आलेल्यांसाठी सांगतो. भैरवी माझी मुलगी. आयर्लंडमध्ये गॉलवे नावाच्या समुद्राकाठच्या शहरात ती नर्स होती. ड्युटी नसली की तिथल्या बायकांबरोबर नाच शिकायची, पत्र्याची बासरी वाजवायची. परत येऊन इथल्या इस्पितळात लागली आणि मला म्हणाली, "बाबा, तिथे अख्खं घर एकत्र नाचतं, म्हातारीकोतारीसुद्धा. आपण इथे असा एक दिवस करू. तिकीट मात्र नाही ठेवायचं." असा हा आयरिश कौटुंबिक दिवस सुरू झाला. यंदाच्या जानेवारीत ती गेली. तिच्याशिवायचा हा पहिलाच.

पहिल्या वर्षी काय झालं, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. ऑटोला भोंगा लावून जितेंद्र वस्तीत फिरला. लोकांना 'मोफत' नीट ऐकू आलं, आणि 'आयरिश'चं झालं 'आयुष'. सकाळी दारात रांग. हातात रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांच्या पिशव्या. सगळ्यांत पुढे कन्हानहून आलेल्या अंजनाबाई. त्या आजही आल्या आहेत, त्या खांबाजवळ बसल्या आहेत.

"बाई, माहे गुडघे लय दुखून राहिले वं. पाहून दे."

भैरवी म्हणाली, "आजी, इथे दवाखाना नाही. इथे आयर्लंडचा नाच आहे."

"काहून? भोंगेवाला तर मोफत म्हणे."

"नाच मोफत आहे."

"मंग नाचवूनच बरे कर माहे गुडघे. एवढ्या दुरून आली मी."

भैरवी हसत सुटली. मग घरी फोन करून माझ्याकडून बीपीचं यंत्र मागवलं आणि दारात टेबल लावलं. तेव्हापासून आपल्याकडे आधी बीपी, मग नाच. आयर्लंडमध्ये अशी पद्धत नसावी.

सगळ्यांचा बीपी पाहणाऱ्या पोरीने स्वतःचा पाहिला नाही, असं काही जण हळहळून म्हणतात. पाहिला होता. चांगला असायचा. तिचा आजार त्या यंत्रात दिसणारा नव्हता. कुणाची काही चूक झाली असती, तर निदान रागवायला तरी कुणी मिळालं असतं.

असो. मुलांना या दिवसाचा एक खेळ फार आवडतो. भैरवी सांगायची, आयरिश भाषेत आपल्या 'हो'साठी आणि 'नाही'साठी सुटा शब्दच नाही. 'जेवलीस का' असं विचारलं, तर 'जेवले' म्हणायचं नाहीतर 'जेवले नाही' म्हणायचं. क्रिया सांगितल्याशिवाय सुटका नाही. म्हणून आजच्या दिवशी इथे नुसतं 'हो' किंवा नुसतं 'नाही' म्हणायला बंदी. जो म्हणेल त्याने मंचावर येऊन नाचायचं, तेही तिथल्या पद्धतीने, हात न हलवता. लेझीम शिकलेल्या आपल्या मुलांना ते जमत नाही, हात उडतातच. तिने शेवटी त्यांना हात खिशात घालायला लावले.

दिवस संपला तरी आमच्या घरात हा नियम चालूच राहिला. "गाडीत पेट्रोल आहे का?" "आहे." "औषध घेतलंत का, बाबा?" "घेतलं." वर्षानुवर्षं भैरवीच्या तोंडून मी नुसतं 'हो' ऐकलं नव्हतं. आज सकाळी मी माझ्या पत्नीला, उत्तराला, विचारलं, "येतेस का?" ती म्हणाली, "येत नाही." ती घरीच आहे.

जानेवारीत, इस्पितळात, मी भैरवीजवळ बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मार्चमध्ये सभागृहात येशील ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो."

मला कळलं. मला कळलं, हे तिलाही कळलं. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "बाबा, यंदाचा दिवस कराल ना?"

मी म्हणालो, "करीन."

तो आज केला. मुलं छान नाचली, बासरीही वाजली, संत्रा बर्फी सगळ्यांना पुरली. मला मात्र काहीच वाटलं नाही. हे सांगताना तुमच्या कष्टांचा अपमान करायचा नाही, पण खोटंही बोलवत नाही. सकाळपासून पुष्कळांनी माझा हात धरून सांगितलं, "भैरवी इथेच आहे, पाहते आहे." तुमची माया मला समजते. मी दिवसभर शोधलं. दाराशी पाहिलं, मंचामागे पाहिलं, मुलांच्या घोळक्यात पाहिलं. ती इथे नाही. ती नाही, हे इथे एवढ्या माणसांत जेवढं कळलं, तेवढं घरातही कळलं नव्हतं.

आता कुसुमताई, आपण मघाशी भाषणात मला सर्वांसमक्ष विचारलंत, "श्रीधरराव, पुढच्या वर्षीही कराल ना?" सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी खाली पाहत होतो, म्हणून आपल्याला उत्तर मिळालं नाही. आपला मान ठेवून 'हो' म्हणणं सोपं आहे. पण मला शेवटचा 'हो' मिळाला तो कसा होता, हे आताच सांगितलं. तसा 'हो' मी या मुलांना देऊ का? नियमाप्रमाणे पूर्ण उत्तर देतो. करणार नाही.

बासऱ्या, नाचाचे बूट आणि ते बीपीचं यंत्र मी जितेंद्रच्या स्वाधीन करतो आहे. कुणाला हा दिवस करावासा वाटला तर जरूर करा. माझी हरकत नाही. मला बोलावू नका, एवढीच विनंती.

मंडळाचे, पाहुण्यांचे, ज्यांनी खुर्च्या लावल्या आणि आता उचलतील त्यांचे मनापासून आभार. सणासारख्या दिवशी मी हे असं बोललो. कुणाचं मन दुखावलं असेल, तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून पोटात घाला.

आणि मुलांनो, घरी गेल्यावर कुणी विचारलं, "मजा आली का?" तर आली असेल तरच "आली" म्हणा. नुसतं 'हो' म्हणू नका.

नमस्कार.